उसनी सावली : धुराने नेमकं किती ऊन झाकलंय?

डिसेंबरातल्या एका रविवारी सिंहगडावर गेलो होतो. पिठलं-भाकरी खात बसलो असताना शेजारच्या एका पोराने वडिलांना विचारलं, "बाबा, पुणं कुठंय?" वडिलांनी हात केला, "ते काय, तिकडं. धुकं आहे म्हणून दिसत नाहीये."

घड्याळात पावणेबारा वाजले होते. पावणेबाराला कसलं आलंय धुकं? खाली खडकवासल्याचं पाणी अंधुक दिसत होतं आणि त्याच्या पलीकडे आभाळाच्या बुडाशी एक मातकट पट्टा. ते धुकं नव्हतं, धुरकं होतं. गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ, जाळलेला कचरा, शेकोट्या, भट्ट्या, दूरच्या वीज प्रकल्पांतून आलेला वायू, सगळं एकत्र.

या धुराने खोकला येतो हे आपल्याला माहीत आहे. पण हाच धूर गेली अनेक दशकं आपल्या डोक्यावर छत्रीसारखा उभा राहून काही ऊन अडवतोय आणि त्यामुळे पृथ्वी नेमकी किती तापणार याचा हिशोबच शास्त्रज्ञांना नीट लागत नाही, हे फार कमी लोकांना माहीत असतं. त्या हिशोबाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं प्रकरण आपल्या अरबी समुद्रावर घडलंय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. शेवटी आपल्या महापालिकेकडे मागायची एक गोष्ट आहे.

ढगाला बी लागतं

स्कॉटलंडमध्ये फॉलकर्क नावाच्या गावी जॉन एटकेन नावाचा माणूस राहायचा. शिकला होता इंजिनिअरिंग, पण प्रकृतीने साथ दिली नाही म्हणून घरीच प्रयोग करत बसायचा. १८८० च्या सुमारास त्याने काचेची दोन भांडी घेतली. एकात साधी हवा, दुसऱ्यात कापसातून गाळून घेतलेली. दोन्हींत वाफ सोडली. साध्या हवेच्या भांड्यात दाट पांढरं धुकं झालं. गाळलेल्या हवेच्या भांड्यात काहीच नाही! वाफ तेवढीच, पण धुकं नाही.

(फ्रान्समध्ये कुलिए नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला १८७५ मध्येच असं काहीसं दिसलं होतं. पण गोष्ट शेवटापर्यंत नेली एटकेनने.)

अर्थ सरळ होता. हवेतल्या वाफेला पाणी व्हायला टेकायला काहीतरी लागतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तो तांब्याच्या आधाराने. वर आभाळात तांब्या नाही, तिथे धुळीचा, मिठाचा, धुराचा बारीक कण लागतो. त्या कणावर पाणी चढतं आणि थेंब होतो. एटकेनने पुढचाही विचार केला. हवेत कणच नसते तर ढग झाले नसते, धुकं झालं नसतं, आणि हवेतली जादाची वाफ घराच्या भिंतींवर, झाडांवर, आपल्या कपड्यांवरच पाणी होऊन बसली असती.

म्हणजे ढगाला बी लागतं. आपण नंतर "कृत्रिम पाऊस" म्हणून विमानातून जे फवारायला लागलो, त्याची मुळं या दोन भांड्यांत आहेत.

मग कारखान्यांनी आणि गाड्यांनी हे बी लाखो पटींनी पेरायला सुरुवात केली तर ढगांचं काय होईल? हा प्रश्न नीट विचारायला आणखी ऐंशी-नव्वद वर्षं गेली.

पिठीसाखर आणि उसाचा फड

१९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात वॉर्नर आणि टूमी या दोघांनी एक काम हाती घेतलं. तिकडे क्वीन्सलँडमध्ये तोडणीआधी उसाचे फड पेटवायचे. (आपल्याकडे तोडणीनंतर पाचट पेटवतात, चित्र तुमच्या डोळ्यासमोर येईलच.) त्या धुरात सापडलेल्या ढगांमध्ये त्यांनी विमानाने जाऊन थेंब मोजले. धुरातल्या ढगांत थेंबांची संख्या वाढलेली आणि प्रत्येक थेंब बारीक झालेला. त्यामुळे पाऊस कमी झाला का, हे मात्र पक्कं सिद्ध करता आलं नाही. हा प्रश्न आजही भांडणाचाच आहे.

शॉन टूमीने हीच गोष्ट पुढे नेली आणि १९७४ मध्ये एक साधा पण जबरदस्त मुद्दा मांडला. पाणी तेवढंच असेल, पण ते जास्त आणि बारीक थेंबांत वाटलं गेलं, तर ढग जास्त पांढरा दिसतो. खडीसाखर आणि पिठीसाखर शेजारी ठेवून बघा. साखर तीच, पण दळली की पांढरीशुभ्र दिसते, कारण उजेड परतवणारे पृष्ठभाग वाढतात. ढगाचंही तसंच. धुराने ढग "दळला" जातो आणि सूर्याचं ऊन जास्त परतवतो. खालची जमीन थोडी गार राहते.

१९८९ मध्ये अमेरिकेच्या ब्रूस अल्ब्रेक्टने त्यात भर घातली. थेंब फार बारीक असले तर ते एकमेकांना मिळून मोठे होत नाहीत, म्हणजे पाऊस होऊन पडत नाहीत, आणि ढग जास्त वेळ टिकतो. म्हणजे सावली आणखी लांबली.

हे नुसतं कागदावरचं गणित नव्हतं. १९६० च्या दशकातल्या पहिल्या हवामान उपग्रहांच्या फोटोंत समुद्रावरच्या ढगांत पांढऱ्या रेघा दिसायच्या, कुणीतरी खडूने ओढल्यासारख्या. त्या जहाजांच्या वाटा होत्या. जहाजाच्या धुराड्यातून निघालेल्या गंधकाच्या कणांनी वरचे ढग उजळ केले होते. या रेघा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहेत.

ज्वालामुखीने घेतलेली परीक्षा

हवेतले कण पृथ्वी गार करू शकतात याचा सगळ्यात मोठा पुरावा ज्वालामुखींनी दिला. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा फुटला आणि १८१६ मध्ये युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली. पण तेव्हा मोजायला साधनं नव्हती.

साधनं होती तेव्हा फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला. जून १९९१. दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड उंच वातावरणात गेला आणि त्याचे सल्फेटचे कण पृथ्वीभर पसरले. 'नासा'च्या जेम्स हॅन्सन यांच्या गटाने संगणकावर हिशोब मांडून १९९२ च्या सुरुवातीलाच छापून टाकलं की पृथ्वीचं सरासरी तापमान साधारण अर्धा अंश उतरेल आणि मग दोन-तीन वर्षांत परत चढेल. तसंच झालं. हवामानाच्या मॉडेलांनी आधी सांगितलं आणि मग ते घडलं, असं हे गाजलेलं उदाहरण.

पण पिनाटुबोची परीक्षा त्या मानाने सोपी होती. कण ढगांच्या वर होते, एकाच जातीचे होते, कधी आणि किती गेले ते माहीत होतं. आपला रोजचा धूर ढगांच्या गर्दीतच असतो. तिथे पेपर अवघड आहे.

घाटातली एसटी

किती अवघड, ते बघा. १९७९ मध्ये ज्यूल चार्नी यांच्या समितीने अमेरिकेत वुड्स होल इथे बसून सांगितलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी १.५ ते ४.५ अंशांनी तापेल. त्यानंतर चंद्रावर नाही तरी मंगळावर यानं उतरली, खोलीभर मावणारे संगणक खिशात आले, आणि २०१३ साली आयपीसीसीच्या पाचव्या अहवालात आकडा काय? १.५ ते ४.५! चौतीस वर्षांत तसूभर फरक नाही. २०२१ च्या सहाव्या अहवालात तो आवळून २.५ ते ४ पर्यंत आणला, तोही बऱ्याच झटापटीनंतर.

शास्त्रज्ञ झोपले होते का? नाही. अडचण मुख्यतः ढगांची होती आणि त्यात भर धुराच्या कणांची. ढगातला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. हवामानाचं मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून चालतं, आणि त्यातला एकेक चौकोन पन्नास-शंभर किलोमीटरचा. म्हणजे पुण्यापासून लोणावळ्यापर्यंतचं सगळं आभाळ एका चौकोनात. त्यातला प्रत्येक ढग मॉडेलला दिसतच नाही, तो अंदाजाने भरावा लागतो.

"मग गेल्या शंभर वर्षांचं तापमान बघून हिशोब उलटा मांडा की," असं कुणीही म्हणेल. तिथेच खरी गोम आहे. घाट उतरणाऱ्या एसटीची कल्पना करा, ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही दाबलेत. मागे बसलेल्या तुम्हाला फक्त वेग कळतो. ब्रेक किती दाबलाय ते माहीत नसेल, तर अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते कसं सांगणार? आणि ब्रेक सुटला की काय होईल?

अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे कार्बन डायऑक्साइड, मिथेन वगैरे. ब्रेक म्हणजे मुख्यतः धूर. सहाव्या अहवालाचा हिशोब सांगतो की १८५०-१९०० च्या तुलनेत २०१०-१९ या दशकापर्यंत पृथ्वी साधारण १.१ अंशाने तापली. त्यात हरितगृह वायूंचा वाटा १ ते २ अंश, आणि धूर वगैरेंनी गार केलं ० ते ०.८ अंश. आकडे परत वाचा. शून्य ते ०.८! म्हणजे छत्रीने जवळजवळ काहीच अडवलं नसेल, किंवा आजवरच्या तापमानवाढीच्या पाऊण हिश्शाएवढं ऊन अडवलं असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मुठीत नेमकं किती आहे हे मूठ धरणाऱ्यालाही माहीत नाही.

गोष्ट आपल्या समुद्रावर येते

आतापर्यंत सगळं स्कॉटलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका. आणि १९८०-९० च्या दशकातला धुराचा सगळा अभ्यास युरोप-अमेरिकेच्या गंधकाचा. गंधकाचा कण पांढरा असतो, ऊन परतवतो.

जानेवारी ते मार्च १९९९ या काळात हिंदी महासागरावर एक मोठी मोहीम झाली. नाव 'इंडोएक्स'. अमेरिका, युरोप, भारत आणि मालदीव अशा देशांचे दोनशेच्या वर शास्त्रज्ञ. आपलं 'सागर कन्या' हे संशोधन जहाज त्यात होतं. मालदीवच्या एका बेटावर वेधशाळा उभारली, विमानं उडवली. नेतृत्वात तमिळनाडूत जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे व्ही. रामनाथन, ओझोनच्या कामासाठी नोबेल मिळालेले पॉल क्रुट्झन, आणि भारताच्या बाजूने ए. पी. मित्रा.

हीच जागा का? कारण हिवाळ्यात वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. भारतीय उपखंडाचा सगळा धूर अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून दक्षिणेला सरकतो. विषुववृत्ताच्या पलीकडे मात्र स्वच्छ हवा. एकाच समुद्रावर मळकी आणि निर्मळ हवा शेजारी शेजारी, यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार?

जे दिसलं त्याने सगळे चकित झाले. भर समुद्रात, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, तीन किलोमीटर उंचीपर्यंतचं तपकिरी धुरकं. त्यात गंधक होतंच, पण काजळीही भरपूर होती: चुलीची, डिझेलची, जाळलेल्या काडीकचऱ्याची. काजळी काळी. काळा शर्ट उन्हात तापतो तशी ती स्वतः तापते आणि भोवतालची हवा तापवते. म्हणजे समुद्रापर्यंत पोचणारं ऊन सुमारे दहा टक्क्यांनी कमी, पण मधली हवा गरम. छत्रीच तापलेली! हवा तापली की ढग विरूनही जाऊ शकतो. टूमीच्या पांढऱ्या छत्रीचं गणित इथे सरळ लागू होईना.

समुद्रावर कमी ऊन म्हणजे कमी वाफ. आणि आपला मान्सून म्हणजे तरी काय? जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातला फरक आणि समुद्राची वाफ. लगेच प्रश्न उभा राहिला: हा धूर आपला पाऊस खातोय का?

२००२ चं भांडण

ऑगस्ट २००२. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने लंडनमध्ये अहवाल जाहीर केला. नाव दिलं 'एशियन ब्राऊन क्लाउड', आशियाई तपकिरी ढग. काही दिवसांवर जोहान्सबर्गची पृथ्वी परिषद होती. इकडे भारतात जुलै महिना कोरडा गेलेला, देशभर दुष्काळाची चिंता. अशा वेळी जगभरच्या पेपरांत बातमी: आशियाच्या धुराने मान्सून बिघडतोय.

भारत सरकार भडकलं, आणि राग अगदीच अनाठायी नव्हता. दोनशे वर्षं कोळसा जाळून ज्यांनी कार्बन डायऑक्साइड भरला, त्यांच्या राजधानीत बसून आमच्या बाईच्या चुलीकडे बोट? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जे. श्रीनिवासन आणि आपल्या पुण्याच्या सुलोचना गाडगीळ यांनी 'करंट सायन्स' या मासिकात अहवालाची चिरफाड केली. हिवाळ्यातल्या काही महिन्यांच्या निरीक्षणांवरून मान्सूनबद्दल एवढी मोठी विधानं करता येत नाहीत, आणि असं धुरकं फक्त आशियात असतं असंही नाही, असा त्यांचा रोख होता.

परिणाम काय झाला? पुढे नावातला "आशियाई" गेला, "वातावरणीय तपकिरी ढग" असं नाव आलं. नावाचं भांडण आपण जिंकलो म्हणा ना.

पण धूर तिथेच राहिला. आणि इथे मला आपल्या शास्त्रज्ञांचं खरंच कौतुक वाटतं, कारण ते भांडणावर थांबले नाहीत, मोजायला लागले.

मोजायची सवय जुनी होती. अ‍ॅना मणी या मूळच्या केरळच्या. पुण्याच्या हवामान खात्यात त्यांनी उपकरणं घडवली आणि १९५७-५८ पासून देशभर ऊन मोजणारी केंद्रं उभारली. त्या परंपरेतल्या बारा केंद्रांच्या १९८१ ते २००४ च्या नोंदी पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासल्या आणि २००७ मध्ये छापल्या. भारतात जमिनीवर पोचणारं ऊन दर वर्षी चौरस मीटरमागे एका वॅटपेक्षा थोडं कमी, एवढ्या वेगाने घटत होतं. ऊन खरोखर मंद होत होतं, मोजून!

त्याच संस्थेने २००९ पासून ढगांमध्ये विमानं पाठवली ('कायपीक्स' मोहीम). धुरकट भागातल्या ढगांत थेंब जास्त आणि बारीक दिसले, आणि पावसाचे थेंब तयार व्हायला ढगाला जास्त उंच वाढावं लागतं असं आढळलं. २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा सुरू झाली. तिथे पावसाळ्यात ढग खिडकीतून आत येतो, शास्त्रज्ञांना वर जावं लागत नाही. पुढे सोलापूरच्या पर्जन्यछायेत कृत्रिम पावसाचा शिस्तशीर प्रयोग झाला. ठरावीक क्षेत्रात सरासरी अठरा टक्क्यांच्या आसपास जास्त पाऊस मिळाला, पण योग्य ढग असेल तरच. ढगच नसेल तर बी पेरून उपयोग नाही. २००३ आणि २०१५ मध्ये आपल्या राज्यात कृत्रिम पावसाचा जो गाजावाजा झाला, त्या वेळी एवढं साधं वाक्य कुणी मोठ्याने सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

या सगळ्याची बेरीज २०२० मध्ये केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या अहवालात आली. १९०१ ते २०१८ या काळात भारत सुमारे ०.७ अंशाने तापला, म्हणजे जगाच्या सरासरीपेक्षा कमी. आणि १९५१ ते २०१५ मध्ये मान्सूनचा पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. ठळक घट कुठे? गंगेच्या मैदानात आणि आपल्या पश्चिम घाटात. आपण कमी तापलो त्यामागे धुराचा हात आहे, आणि जमिनीच्या वापरातल्या बदलांचाही, असं हा अहवाल सांगतो. पाऊस घटण्यातही धुराचा वाटा मोठा मानला जातो.

२००२ मध्ये आपण नाकारलेल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आपल्याच लोकांनी, आपल्याच मोजमापाने, आपल्याच सरकारच्या अहवालात लिहून ठेवलं. बातमी मात्र फारशी झाली नाही.

सावली उठायला लागली

आता त्या जहाजांच्या रेघा आठवा. जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली. बंदरांजवळच्या माणसांच्या फुप्फुसांसाठी अत्यंत योग्य निर्णय. समुद्रावरच्या ढगांतल्या त्या पांढऱ्या रेघा झपाट्याने कमी झाल्या. चीननेही २०१३ पासून आपला सल्फर डायऑक्साइड सुमारे तीन-चतुर्थांशाने उतरवला.

आणि २०२३ हे तोवरचं सगळ्यात गरम वर्ष ठरलं, २०२४ ने तोही विक्रम मोडला. एल निनो होता हे खरं. पण सावली उठल्याचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत जोरदार वाद चालू आहे. हॅन्सन म्हणतात मोठा, बरेच जण म्हणतात थोडा. ब्रेक सैल झाला यावर फारसं दुमत नाही. किती, यावर आहे.

आपलीही एक झलक आपण पाहिली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जालंधरहून हिमाचलचे बर्फाचे डोंगर दिसले होते, आठवतंय? आभाळ धुवायला काही आठवडे पुरले. हा मुद्दा नीट धरून ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

मग धूर राहू द्यायचा का?

आजकाल हा युक्तिवाद ऐकू येतो. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कोळशाच्या वीज प्रकल्पांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली. दोन वर्षांची मुदत होती. मग मुदतवाढ, परत मुदतवाढ, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक प्रकल्पांना गंधक धुणाऱ्या यंत्रणेतून सूटच. कारणं दिली गेली: आपल्या कोळशात गंधक कमी, खर्च फार, यंत्रणेलाच वीज लागते. त्याच्या जोडीला काही जण हळूच म्हणतात, "गंधक काढलं तर गरमी वाढेल. राहू द्या की."

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण हिशोब मांडून बघा.

धुराचा कण हवेत साधारण आठवडाभर टिकतो. पाऊस आला की खाली. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षं टिकतो. एकाच धुराड्यातून दोन्ही निघतात. सावली तेवढीच ठेवायची तर दर आठवड्याला नवा धूर सोडावा लागणार, आणि त्याच्याबरोबर निघालेला कार्बन साठतच जाणार. म्हणजे सावली रोज उसनी आणायची आणि कर्ज मात्र चक्रवाढीने वाढवायचं. उसनी सावली जितकी जास्त वर्षं वापरू, तितकं ती उठेल तेव्हाचं ऊन कडक.

शिवाय ही सावली फुकट नाही. सल्फर डायऑक्साइडचे हवेत सल्फेटचे कण होतात, तेच पीएम २.५ मध्ये मोजले जातात, आणि ते फुप्फुसातून रक्तात उतरतात. सावलीचं भाडं दमेकरी, म्हातारी माणसं आणि धुराड्याशेजारच्या वस्त्या भरतात. पश्चिम घाटातला घटलेला पाऊसही त्याच भाड्यात धरा.

(हेच क्रुट्झन २००६ मध्ये म्हणाले होते की अगदी नाइलाज झाला तर उंच वातावरणात मुद्दाम गंधक सोडून पृथ्वी गार करण्याचा अभ्यास करायला हवा. अभ्यास, बरं का. आणि तो उपायसुद्धा उसन्या सावलीचाच.)

तेव्हा धूर काढायचाच. प्रश्न क्रमाचा आणि तयारीचा आहे.

क्रमात काजळी पहिली. चुलीचा धूर, जुनी डिझेल वाहनं, कचरा डेपोच्या आगी, पेटवलेलं पाचट. काजळी कमी केली तर फुप्फुसंही वाचतात आणि तापलेली छत्रीही जाते, दोन्हीकडून फायदा. गंधक काढायचं, आणि त्याच वेळी कोळसाही कमी करत जायचा, म्हणजे ब्रेक सोडताना अ‍ॅक्सिलरेटरवरचाही पाय उचलायचा.

आणि तयारी? २०१९ पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम चालू आहे. महाराष्ट्रातली डझनाहून अधिक शहरं त्यात आहेत. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा केला, त्यानंतर अनेक शहरांनी असे आराखडे केले. दोन्ही चांगलंच आहे. पण स्वच्छ हवेची फाइल एका टेबलावर असते आणि उष्माघाताची दुसऱ्या. हवेचं बघणारा विचारत नाही की हवा स्वच्छ झाली की मे महिना किती तापेल. उष्णतेचं बघणारा मागच्या तीस वर्षांचं तापमान घेऊन बसतो, म्हणजे धुराच्या सावलीतलं तापमान. पुढची तीस वर्षं त्या सावलीत असतीलच असं नाही.

एटकेनच्या भांड्यांपासून महाबळेश्वरच्या प्रयोगशाळेपर्यंतचा इतिहास सांगतो की या दोन फाइली मुळात एकच आहेत. म्हणून आपल्या महापालिकेकडे मागणं एवढंच: स्वच्छ हवेचा आराखडा आणि उष्णतेचा आराखडा एकाच बैठकीत, एकत्र मांडा. हवा स्वच्छ होईल तशी झाडं, सावलीचे बसथांबे, पाणपोया, पत्र्याच्या घरांवर पांढरा रंग, दुपारच्या कामाच्या वेळा, दवाखान्यातल्या खाटा, यांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात दाखवा. अंदाजपत्रकावर नागरिकांकडून सूचना मागवतात तेव्हा मी हेच लिहून देणार आहे. तुम्हीही द्या, स्वतःच्या शब्दांत.

सिंहगडावरच्या त्या पोराला मी काही बोललो नाही, वडिलांसमोर आगाऊपणा नको म्हणून. पण त्याचा प्रश्न बरोबर होता. त्याला एक दिवस गडावरून लख्ख पुणं दिसायला हवं. आणि ते दिसेल त्या दिवशी डोक्यावर थोडं जास्त ऊन असेल, त्याची सोय आपण आधीच करून ठेवलेली असायला हवी.

काही चुकलं असेल तर कमेंटमध्ये सांगा, दुरुस्त करीन.